हर्नियाच्या आधीची दाढी

लोक आजारपणावर लिहितात तेव्हा आजार तरी सांगण्यासारखा असतो. हृदयाचा, किडनीचा, गेला बाजार गुडघ्याचा. माझा आजार चारचौघांत सांगता येत नाही, दाखवता तर त्याहून येत नाही, आणि झाला तो माझ्याच हातानं. तरी लिहितोय, कारण आतापर्यंत तीन माणसांनी मला बाजूला घेऊन, इकडंतिकडं बघून, आवाज खाली आणून विचारलंय, "दिनकरराव, तुम्हाला तसलं काय झालतं म्हणं. मला पण झालंय. काय लावलंसा?"

काय लावलं ते सांगत बसलो तर पान पुरणार नाही. काय लावायचं नव्हतं, ते सांगतो.

मी दिनकर. वय छप्पन्न. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. लोखंडाचा तुकडा मशीनला लावायचा, फिरवायचा, टूलनं कातून गुळगुळीत करायचा, हा तीस वर्षांचा धंदा. जड जॉब उचलून उचलून उजव्या जांघेत हर्निया झाला. खोकलं की लिंबाएवढा गोळा बाहेर यायचा, आडवं झालं की आत जायचा. सर्जनना दाखवलं. ते म्हणाले, ऑपरेशन करू, आत एक जाळी बसवू, दीड महिना वजन उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही.

हा दीड महिना महत्त्वाचा. माझी लेक प्राजक्ता आजऱ्याला दिलेली. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी, आमच्याकडं. तारीख एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली. जावई फौजेत, राजस्थानच्या सीमेवर. त्यांना रजा मिळेल का नाही याचा भरवसा नाही. जाताना त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "मामा, मी नसलो तर तुम्ही हायसाच." मी म्हणालो होतो, "काय काळजी करू नका. गाडी मी चालवणार."

म्हणून ऑपरेशन मार्चच्या सुरुवातीच्या सोमवारी ठरवलं. एप्रिलच्या मध्यापर्यंत मी ठणठणीत. हिशेब मायक्रोमीटरनं मोजल्यासारखा बसवला होता.

शनिवार, दुपार

माझा मित्र दस्तगीर. वर्कशॉपच्या शेजारी त्याचं वेल्डिंगचं दुकान, आणि पोरवयात आम्ही एकाच तालमीत लाल मातीत लोळलेले. वीस वर्षांपूर्वी त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. माझं ठरल्यावर तो मला धीर द्यायला आला.

"बाकी काय न्हाय रे," तो म्हणाला, "टेबलावर घ्यायच्या आधी तिथले सगळे केस काढत्यात. मला एका गड्यानं कोरड्या ब्लेडनं खरडलतं. ऑपरेशनचं काय आठवत न्हाय, पण ते अजून आठवतंय."

त्याच्या धीरानं मी दोन रात्री झोपलो नाही. मग मनाशी ठरवलं, परक्या माणसाच्या हातात आपली इज्जत कशाला द्यायची. तीस वर्षं लोखंड गुळगुळीत करतोय, हे तर नुसते केस. घरून तयार होऊनच जायचं.

मुहूर्त शनिवारचा सापडला. त्या दिवशी आमच्या घरी चटणीचा घाट होता. कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षाचं तिखट, ताटातली नव्हे. माझं ऑपरेशन, मग लेकीचं बाळंतपण, पुन्हा सवड कुठली म्हणून सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, पाच किलो मिरची आधीच आणून वाळवली होती. सकाळपासून आम्ही दोघं देठं मोडत बसलो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी जाळाला. दोन तास मोडली. मग ती मिरची, भाजलेला मसाला, खोबरं घेऊन कांडपाला गेली. जाताना म्हणाली, "तिथं नंबर हाय, दोन तास लागतील. जेवून झोपा जरा."

घर मोकळं. मी साबणानं हात धुतले, चांगले दोनदा धुतले, आणि दाढीचा मग घेऊन न्हाणीघरात गेलो.

आता चुका मोजत चला. रेझर तोच, रोजच्या दाढीचा. ब्लेड कधी बदललं ते देवाला माहीत. केस आधी कात्रीनं बारीक करायचे असतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. ब्लेड दोन फेऱ्यांत गच्च भरलं, तसं मी दाबून ओढायला सुरुवात केली. फेस अंगाच्या साबणाचा. कातडं ताणून धरलेलं. आणि मुख्य म्हणजे माझा धंदा आडवा आला. लेथवर पहिला कट जाड घेतो, त्याला रफ म्हणायचं, आणि शेवटचा अगदी बारीक घेतो, तो फिनिशचा. इथंही मी केसांच्या दिशेनं रफ मारला, उलट्या दिशेनं एक कट घेतला, आणि समाधान झालं नाही म्हणून तिरका अजून एक. लोखंड तापू नये म्हणून त्यालासुद्धा कूलंट सोडतो मी, स्वतःला पाणीसुद्धा धड लावलं नाही.

आणि मग, तीस वर्षांच्या सवयीनं, जॉब झाल्यावर जे करतो तेच केलं. फिनिश कशी आलीय बघायला अंगठा फिरवला.

साबणानं हात धुतले की मिरची जाते असं ज्याला वाटतं, त्यानं एकतर देठं मोडलेली नसतात किंवा त्याचं नाव दिनकर असतं.

पहिली दोन-तीन सेकंदं काहीच झालं नाही. फिनिश उत्तम होती. मग कुठंतरी लांब भट्टी पेटल्यासारखं वाटलं. ती जवळ आली. मला वाटलं, ब्लेडची आग असेल. हनुवटीला आग झाली की आपण काय लावतो. ते हिरव्या बाटलीतलं वासाचं पाणी, आफ्टरशेव्ह. ते ओंजळभर घेतलं, आणि लावलं.

सुमन दोन तासांनी परत आली तेव्हा मी नळाखाली, बादलीत बसलो होतो.

"अवो, पाणी किती वेळ चालू हाय?"

"येतोय."

"रडायला लागलाय का काय?"

"चटणीचा ठसका लागलाय."

"न्हाणीघरात?"

शेवटी दाराच्या फटीतून सगळं सांगावं लागलं. मग पावलांचा आवाज लांब गेला, परत आला, आणि फटीतून वाटीभर दही आत आलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली. त्या दह्याइतकी माया तिनं कधी दाखवली नसेल आणि त्या वेळच्या चेहऱ्याइतकी घृणाही. चेहरा मी बघितला नाही, पण तो वाटीवरून कळत होता.

रविवार: लेपावर लेप

तिखटाची आग शनिवारी संध्याकाळपर्यंत निवली. खाली राहिली ती ब्लेडची. कातडं लाल, हजार टाचण्या टोचल्यासारखं, चालताना पाय फाकलेले. दस्तगीर ऑपरेशनच्या शुभेच्छा द्यायला आला होता, मला दारातनं येताना बघून म्हणाला, "आत्तापासनंच ऑपरेशन झाल्यासारखा का चालतोयस?"

सांगितलं. तो भिंतीला धरून हसला. हसून झाल्यावर गंभीर झाला, आणि दस्तगीर गंभीर झाला की मला भीती वाटते.

"तालमीची माती लाव," तो म्हणाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आखाड्याची माती म्हणजे नुसती माती नसते. तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती मळलेली असते. पैलवानाला खरचटलं की तीच माती चोळायची, हे आम्ही लहानपणापासून बघितलेलं. फक्त त्या मातीवर रोज पन्नास गडी घाम गाळतात, एवढा बारकावा त्या क्षणी दोघांच्याही डोक्यात आला नाही. रविवारी सकाळी तो पिशवीभर घेऊन आला. मी वरून घरची हळद घातली आणि लेप दिला. माती वाळली, आवळली. मग ती ओल्या कापडानं घासून काढावी लागली. घासल्यावर जास्तच लाल झालं. मग तुरटी फिरवली. दुपारी खाज सुटली, म्हणून औषधाच्या दुकानातनं "खाजेवर काहीतरी द्या" म्हणून एक ट्यूब आणली आणि तीही चोपडली.

सुमन सगळं बघत होती. एवढंच म्हणाली, "आता काजूच्या टरफलाचं तेल तेवढं राहिलंय. इवायांना फोन करून आजऱ्याहनं मागवा."

इवाई म्हणजे व्याही, प्राजक्ताचे सासरे; आजरा काजूचा मुलूख. ते तेल टाचेच्या भेगांना लावतात आणि ते कातडं भाजून काढतं. ती टोमणा मारत होती. मला एक क्षणभर ती सूचना वाटली, हे कबूल करतो.

सोमवार, सकाळ

हॉस्पिटलात मला हिरवा झगा दिला. पडदा ओढला. सिस्टर हातात केस कापायचं छोटं मशीन घेऊन आल्या, चादर वर केली, आणि तशीच खाली ठेवली.

"काका, हे काय?"

मग सर्जन आले. शांत माणूस. चष्मा वर केला, बघितलं, चष्मा खाली केला. एव्हाना प्रत्येक केसाच्या मुळाशी पांढऱ्या टोकाची पुळी होती, आणि जिथं छेद घ्यायचा बरोबर तिथं एक मोठा, दुखरा, गरम फोड.

"कुणी केलं?"

"मीच."

"हे पिवळं?"

"हळद."

"आणि हे तांबडं?"

"माती."

"कसली माती?"

"तालमीची."

ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "ऑपरेशनच्या सूचनांचा कागद दिला होता तुम्हाला. कुठं आहे?"

तो माझ्या शर्टाच्या खिशात होता, दिला तसाच, चार घड्यांचा. सुमननं काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी घेतला नाही. "तिसरी ओळ वाचा," म्हणाले.

सुमननं वाचली. मोठ्यानं वाचली. "ऑपरेशनच्या जागेचे केस घरी काढू नयेत."

पलीकडच्या पडद्यामागचा पेशंट हसला. त्याला सलाईन होतं, तरी हसला.

मग सर्जननी समजावलं, आणि माझं हसू तिथं संपलं. ब्लेडनं कातड्याला डोळ्याला न दिसणारे ओरखडे पडतात. त्यातनं जंतू आत जातात. अशा पिकलेल्या कातड्यातून छेद घेतला आणि ते जंतू आतल्या जाळीला चिकटले, तर जाळी परत काढावी लागते. म्हणून आज ऑपरेशन नाही. कातडं पूर्ण बरं होईपर्यंत नाही. आणि तोवर हर्नियाचा पट्टाही बांधायचा नाही, कारण तो नेमका तिथंच घासणार.

"किती दिवस?" मी विचारलं.

"ते तुमच्या कातड्याला विचारा. आणि गोळा आत जाईना, दुखायला लागला, उलटी झाली, तर तसंच इकडं या. वाट बघायची नाही. साखर तपासलीय का कधी?"

सुमन मागं उभी होती. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि हात पदराखाली घेतला. काय मोजलं ते मला कळलं. मीही तेच मोजत होतो.

साखर

विनोद जरा बाजूला ठेवतो. माझ्या वडिलांच्या पायाला चपलेनं साधी चावण झाली होती. शेंगदाण्याएवढी. ती भरली नाही. साखर आहे हे त्या चावणीमुळं कळलं, आणि तोवर उशीर झाला होता. पायाची दोन बोटं गेली.

रक्त दिल्यावर रिपोर्ट यायला तीन तास होते. मी हॉस्पिटलच्या बाकावर झगा घालून बसलो, कारण माझी पँट मला सोसत नव्हती. वाटत होतं, एवढ्या फालतू गोष्टीनं सुरुवात होते. लोक विचारतील कशानं झालं, आणि घरच्यांना खरं सांगता येणार नाही. सुमन शेजारी बसली होती, मधे एक जागा सोडून. दीड तासानं ती त्या मधल्या जागेवर आली.

रिपोर्ट चांगला आला. तीन महिन्यांची साखरसुद्धा बरोबर होती. मी तिच्याकडं बघून हसलो. ती म्हणाली, "हसू नका. पोरीला दवाखान्यात कोण न्हेणार हाय ते आधी सांगा."

त्या दिवसापासून ती माझ्याशी थेट बोलायची बंद झाली. ताट वाढायची, गोळी काढून ठेवायची, आणि भिंतीला सांगायची, "जेवा म्हणावं." पाचव्या दिवशी मला ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडताना दिसली. राग परवडला असता.

मधुरा

सर्जननी कातड्याच्या डॉक्टरांकडं पाठवलं. दारावरची पाटी बघून मी परत फिरणार होतो. मधुरा. माझ्या प्राजक्ताच्या शाळेतली, तिच्याच बाकावर बसणारी. आमच्या घरी येऊन थालीपीठं खायची. ती आता डॉक्टर, आणि मी तिच्यासमोर हा विषय घेऊन.

"या काका," ती म्हणाली. "लाजू नका, आज सकाळपासून तुम्ही दुसरे."

या वाक्यानं मला जेवढं बरं वाटलं तेवढं कुठल्याच गोळीनं नाही. लाजून घरी बसलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

तिनं बघितलं, लावलेल्या सगळ्या गोष्टींची यादी विचारली, आणि लिहून घेतली. लिहिताना ओठ दाबून धरले होते. ट्यूब बघितल्यावर मात्र हसू गेलं. "ही सगळ्यात वाईट. हिच्यात स्टेरॉइड आहे. खाज तेवढी थांबते, आणि खाली जंतू वाढत राहतात. विचारल्याशिवाय परत आणायची नाही. मातीसुद्धा."

"मग आता काय लावू?"

"काही नाही."

"काहीच न्हाय?"

"काका, तुमचा आजार लावल्यामुळं झालाय."

मुळाशी सुजलेल्या पुळ्यांसाठी आठवडाभराच्या गोळ्या दिल्या, मोठ्या फोडाला एक मलम, तेही तिनं सांगितलं तेवढंच. बाकी सगळं न करण्याचं. फोडायचं नाही, पिळायचं नाही, नखानं खरवडायचं नाही. कोमट पाण्यानं अंघोळ, टॉवेलनं चोळायचं नाही, टिपायचं. आग झाली तर स्वच्छ कापड गार पाण्यात भिजवून पिळून दहा मिनिटं ठेवायचं. पावडर नाही, वासाचं काही नाही. घट्ट काही घालायचं नाही. लुंगी.

"आणि ताप आला, लाली पसरत गेली, तर लगेच फोन."

उठताना मी विचारलंच. "समज, एखाद्याला पुढं कधी करायचीच असली, तर?"

"करायचीच कशाला? ते केस तिथं उगाच नाहीत. घासण्यापासून कातडं वाचवतात." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून म्हणाली, "करायचीच असली तर आधी कात्रीनं किंवा मशीननं बारीक. निम्म्या लोकांनी तिथंच थांबावं. पुढं जायचंच असेल तर कोमट पाण्यात कातडं मऊ होऊ दे, बिनवासाचा फेस, नवं ब्लेड, तेही फक्त तेवढ्याच कामाचं. केस ज्या दिशेला त्याच दिशेनं, हलक्या हातानं, एकदाच. ताणायचं नाही. गुळगुळीत झालं पाहिजे असा हट्ट नाही."

"फिनिशचा कट घ्यायचा न्हाय."

"काय?"

"काही न्हाय. आमच्या धंद्यातलं."

"आणि मिरचीच्या दिवशी नाही," ती म्हणाली. सुमननं प्राजक्ताला, आणि प्राजक्तानं तिला, आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं.

लुंगीतले तीन आठवडे

मार्चचं ऊन, मी पंख्याखाली लुंगीत, आणि काहीही लावायचं नाही. एवढं अवघड पथ्य मी आयुष्यात पाळलेलं नाही. मीठ सोडायला सांगा, सोडीन. दर तासाला हात कुठल्यातरी डबीकडं जायचा, आणि सुमन भिंतीला सांगायची, "हात मागं घ्या म्हणावं." पुढं पुढं भिंत गळून पडली आणि ती थेट मला सांगायला लागली. कातडं आणि संसार साधारण एकाच वेगानं सुधारत होते.

आजऱ्याहून इवायांचा फोन आला. "काय पावणं, ऑपरेशन झालं न्हाय म्हणं. काय झालं?"

"डॉक्टरांची तारीख," मी म्हणालो.

"आमच्या सूनबाई तर म्हणत होत्या, तुमी कसली चटणी सांडून घेतलीसा."

आणि ही माझी पोटची पोर.

पुळ्या दहा दिवसांत वाळल्या. फोड आपणहून फुटला, निवला, भरून यायला तीन आठवडे गेले. वाढणारे केस सगळ्यात शेवटी त्रास देऊन गेले. आत वळून टोचायचे. त्यालाही औषध तेच, हात न लावणं. तोवर तिकडं हर्नियाचा गोळा आत जायला कुरकुर करायला लागला होता. मी सर्जनना म्हणालो, "आता बाळंतपण झाल्यावरच करूया." त्यांनी पोटाला हात लावून बघितलं आणि मान हलवली. "अजून थांबलात तर हा एखाद्या दिवशी अडकेल. मग लेक एका वॉर्डात आणि तुम्ही दुसऱ्या."

तारीख मिळाली एप्रिलच्या मध्यातली. ज्या दिवशी मी ठणठणीत व्हायचो, त्या दिवशी मी टेबलावर गेलो.

आणि ज्याच्या भीतीनं हे सगळं घडलं, ते सांगतो. एक पोक्त ब्रदर आले, पडदा ओढला, छोटं मशीन फिरवलं. घर्रर्र. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते शेजारच्या पेशंटशी उसाच्या तोडीबद्दल बोलत होते. वाक्य संपायच्या आत काम संपलं. ना ब्लेड, ना ओरखडा, ना इज्जतीचा प्रश्न.

"झालं?" मी विचारलं.

"झालं की. का, काय राहिलं?"

गाडी

ऑपरेशन छान झालं. सहाव्या दिवशी, दुपारी जेवणं झाल्यावर, बाळंतपणाला आमच्याकडं आलेली प्राजक्ता खुर्चीतनं उठली आणि परत बसली. तारखेच्या आठ दिवस आधी.

"आई," ती म्हणाली, "पाणी गेलंय बहुतेक."

सुमननं माझ्याकडं बघितलं. मी पोटाला उशी धरून कॉटवर. मी म्हणालो, "किल्ली दे."

"बसा गप."

दस्तगीर चार मिनिटांत आला, दुकानातनं तसाच, अंगात वेल्डिंगचा एप्रन. तो आयुष्यभर पिकअप चालवणारा. आमच्या गाडीचा गिअर त्यानं असा टाकला की गाडी दचकली. मला घरीच राहा म्हणून दोघी ओरडल्या. पण जावयांना शब्द दिला होता. चालवत नाही म्हणून काय झालं, गाडीत तरी असणार. मी पुढं बसलो, टाक्यांवर उशी दाबून. मागं सुमन आणि प्राजक्ता.

घरापासून दवाखान्यापर्यंत सात गतिरोधक आहेत. तोवर मला दोन वाटायचे. प्रत्येकावर मागून एक कण्हणं आणि पुढून एक.

"बाबा, श्वास घ्या," प्राजक्ता म्हणाली.

"तू घे."

"मी घेतेय. तुम्ही रोखून धरलाय."

"दस्तगीर, हळू की."

"हळू घेऊ का बिगी घेऊ, एकजण काय ते ठरवा," दस्तगीर म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

दवाखान्याच्या दारात चाकाची खुर्ची घेऊन मावशी धावत आल्या आणि मलाच बसवायला लागल्या. वाकलेला, घामेजलेला, पोट धरलेला मीच होतो. प्राजक्ता मागून पायानं चालत आली, हसत, दाराची चौकट धरून कळ सोसत, पुन्हा हसत. शेवटी खुर्ची तिला मिळाली, आणि मला बाकावर मधली जागा.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला सिस्टरनी बाहेर येऊन सांगितलं, मुलगी. दोघी सुखरूप. जावयांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी आधी पोरीला डोळे भरून बघून घेतलं. मग म्हणाले, "मामा, तुम्ही न्हेलंसा न्हवं?"

"मी होतो गाडीत," मी म्हणालो. सुमननं त्यात भर घातली नाही. ती मला मिळालेली माफी.

बारकी

नात, आमची बारकी, वीस दिवसांची झाली तेव्हा मे महिन्याचा उकाडा, आणि दिवसभर बांधून ठेवलेला तो विकतचा लंगोट. एक दिवस काढून बघतात तर खाली सगळं लालेलाल. पोर कळवळून रडत होती. क्षणात खोली भरली. आजऱ्याहून आलेल्या विहीणबाई म्हणाल्या, "हळद-लोणी लावा." शेजारची म्हणाली, "पावडर मारा भरपूर." सुमन खोबरेल तेलाची बाटली शोधत होती. दस्तगीर बाळाला बघायला आला होता. त्यानं तोंड उघडलं. मी नुसतं त्याच्याकडं बघितलं. त्यानं मिटलं.

"कुणी काही लावायचं न्हाय," मी म्हणालो.

या घरात मी कधी काही लावू नका म्हणालेलो नव्हतो.

"कोमट पाण्यानं धुवा, टिपा, चोळू नका. लंगोट काढून ठेवा, वारं लागू दे. आणि मधुराला फोटो पाठवा. ती सांगेल तेच, तेवढंच."

विहीणबाईंनी सुमनकडं बघितलं, हे काय म्हणून.

"ऐका त्यांचं," सुमन म्हणाली. "ह्या विषयात त्यांनी लई सोसलंय."

मधुराचं उत्तर आलं. एक साधं मलम, पातळ थर, आणि दिवसातला बराच वेळ मोकळं. दोन दिवसांत लाली उतरली. तिसऱ्या दिवशी दुपारी बारकी माझ्या मांडीवर पालथी झोपली होती, उघडीच. सर्जननी मला एवढं वजन मांडीवर घ्यायची परवानगी दिली होती. मी वाकून बघितलं. कातडं परत गुलाबी, मऊ, एक डाग नाही. असली फिनिश मी तीस वर्षांत एकदाही काढलेली नाही.

माझा अंगठा आपोआप उचलला गेला.

बाहेर ओट्यावर सुमन मसाल्याचे डबे पुसत होती. सकाळी चटणीचा डबा तिनं माझ्याच हातानं उघडून घेतला होता.

मी अंगठा मुठीत मिटून घेतला.